पहाटेचा एकांत आणि जात्याचा खुंटा

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय ६ वा. गीतेच्या ११ व्या श्लोकावरच्या ओव्या, आणि जोडीला याच अध्यायातला ३२ वा श्लोक.

काल आपण दहावा श्लोक पाहिला. योग्यानं एकटं राहावं, एकांतात बसावं, मन आवरावं, असं भगवंत सांगतात. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. बसायचं कुठं? गीता हे एका श्लोकात आटोपते. जागा स्वच्छ असावी, आसन स्थिर असावं, फार उंच नको, फार सखल नको, आणि त्यावर काय अंथरावं तेवढं सांगून श्लोक संपतो. चांगल्या मॅन्युअलसारखं, मोजकं.

माउली मात्र इथं रेंगाळतात. त्यांना ती जागा दिसत असते, आणि ती आपल्यालाही दिसावी असं त्यांना वाटतं. ते म्हणतात, जागा अशी पाहावी की विसाव्याला टेकलेल्या माणसाला उठावंसं वाटू नये. देवधर्म न मानणारा एखादा वाट चुकून आला, तरी त्यालाही इथं तप करावं असं वाटावं. विलासी राजानं ती पाहिली तर राज्य सोडून इथंच राहू म्हणावं. दाट झाडी असावी, ती सदा फळावी. पावलोपावली पाणी असावं, आणि ते पावसाळ्यातही गढूळ होऊ नये. ऊन कोवळं, वारा मंद. साधकांची वस्ती असावी, पण लोकांच्या वर्दळीनं मळलेली वाट नसावी. आणि जवळपास एखादा आडबाजूचा मठ किंवा शंकराचं देऊळ असावं.

हे वर्णन वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे दरवेळी लोणार उभं राहतं.

आमची परभणी तशी सपाट. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, आणि नजर जाईल तिथपर्यंत आभाळ. डोंगर म्हणावा तर उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगा, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट. दरी बघायची तर जिल्ह्याबाहेर जावं लागतं. त्यामुळे महिन्यातून एखाद्या रविवारी मी पहाटे तीनला निघतो. जिंतूर, चारठाणा, मंठा करत लोणारला पोचेपर्यंत झुंजुमुंजू होत आलेलं असतं.

लोणारचं सरोवर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं हे विवर. व्यास साधारण १.८ किलोमीटर, आणि वरच्या कडेपासून खोली सुमारे १३७ मीटर. वयाबद्दल जुनी मोजणी ५० हजार वर्षांच्या आसपास सांगते, नंतर आर्गॉन पद्धतीनं केलेली मोजणी ५ लाख ७० हजारांच्या आसपास. कोणताही आकडा घ्या, आपली डेडलाइन त्यापुढे फार लहान दिसते!

तिथली पहाट मात्र आकड्यांत बसत नाही. वरच्या कडेवर उजाडलेलं असतं आणि खाली अजून रात्र रेंगाळत असते. सूर्य पूर्वेच्या कडेआडून वर येतो, त्यामुळे उजेड आधी समोरच्या, पश्चिमेच्या कड्यावर पडतो. मग उन्हाची ती रेघ झाडाझाडावरून सावकाश खाली उतरते. पाण्यापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याला काहीही करायचं नसतं. धारेच्या बाजूनं खाली उतरावं. पाण्याचा तो उग्र, खारट वास येतो. वानरांची एखादी टोळी फांद्या हलवत जाते. कुठंतरी मोर ओरडतो, आणि त्याचा आवाज त्या वाडग्यासारख्या खोलगट जागेत फिरून परत येतो. झाडीत जुनी दगडी देवळं आहेत, बरीचशी महादेवाची, काही पडझड झालेली. माउलींनी सांगितलेलं आडबाजूचं शिवालय इथं शोधावं लागत नाही, पायवाटेवरच भेटतं.

काही साधक विचारतात, निसर्गाचा हा आनंद म्हणजे सुद्धा भोगच ना? मन पुन्हा विषयातच अडकतं ना? माउलींच्या ओव्या वाचल्यावर ही शंका उरत नाही. त्यांना जागा रुक्ष नकोच आहे. जागेनं माणसाला आधी जिंकावं, मग मन आपोआप बसतं, असा त्यांचा क्रम आहे. पहाटेच्या उजेडाकडे बघत बसणाऱ्या माणसाला अपराधी वाटायचं कारण नाही.

म्हणून आजचा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो माझा नाही. आमच्या एकादशीच्या पारायण मंडळात हाच भाग चालू असताना एका वहिनींनी तो विचारला. त्यांच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आहेत, दोन मुलं शाळेत, नवऱ्याची शिफ्टची नोकरी. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या घरात मला न्हाणीघर सोडून कुठं एकटं बसता येत नाही. तिथंही दोन मिनिटांत कुणीतरी दार वाजवतं. मग हा सहावा अध्याय माझ्यासाठी नाहीच का?"

सगळे गप्प बसले. मग कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुमची सेवा हीच तुमची साधना." त्यांनी मान हलवली. पण ते उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही ते पुरलं नाही. ते वाक्य खोटं नाही, पण ते म्हणणारा माणूस कोण आहे यावर त्याचं खरेपण अवलंबून आहे. जो स्वतः दर महिन्याला लोणारला जाऊन बसतो, त्यानं घरात अडकलेल्या बाईला "तुझं घरच तुझं लोणार" म्हणावं का?

यावर विचार करताना पुन्हा ओव्यांकडे गेलो, तर तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट: माउलींच्या शांततेत कोण कोण आहे

त्या वर्णनात ते म्हणतात की जागा बरीचशी निःशब्द असावी, श्वापदांची दाटी नसावी, पोपट आणि भुंगे यांची गडबड नसावी. इथवर ठीक. पण लगेच त्यांना सवलत द्यावीशी वाटते. पाण्याजवळ हंस चालतील, दोन-चार सारस चालतील. कधीमधी कोकीळ येऊन बसली तरी बसू दे. मोर कायमचे नकोत, पण येऊन-जाऊन असले तर आमची ना नाही! हे वाचताना मला दरवेळी हसू येतं. नियम सांगायला बसलेला माणूस एकेका पाखराला आत घेत चालला आहे.

आणि हे सांगितलं कुठं? शके १२१२ मध्ये, नेवाशाला, श्रोत्यांच्या सभेत. समोर निवृत्तिनाथ, संतमंडळी, सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत. एकांताचं इतकं सुंदर वर्णन भरल्या सभेत, माणसांच्या मधोमध बसून झालेलं आहे.

गेल्या मार्गशीर्षात लोणारला एक प्रसंग बघायला मिळाला. उन्हाची रेघ अजून पाण्यावर पोचली नव्हती. कुठल्यातरी खेड्यातून सात-आठ बायका कमळजादेवीला ओटी भरायला आल्या होत्या. खाली उतरतानाच त्यांच्या गप्पा सुरू. पाण्याजवळ एक तरुण ट्रायपॉड लावून पक्ष्यांसाठी थांबलेला. तो वळून म्हणाला, "मावशी, जरा हळू बोला ना. लोक इथं शांततेसाठी येतात."

त्यातली एक म्हातारी थांबली. रागावली नाही. म्हणाली, "आरं लेकरा, आमी बी त्याच्यासाठीच आलाव की. चारला उठून भाकरी थापल्या, लेकरायचं आवरलं, मग निघालाव. घरी कुठं बोलाया भेटतंय? हितं आलं की तोंड उघडतं."

तो तरुण काही बोलला नाही. बायका देवीकडे गेल्या. त्यांचं बोलणं वाऱ्याबरोबर ऐकू येत राहिलं. त्यात सुनेचं बाळंतपण होतं, बोअरचं पाणी गेल्याचं होतं, आणि पुण्याला कंपनीत लागलेलं एकीचं पोरगं फोन करत नाही, हेही होतं.

इंजिनिअरिंगला सिग्नल प्रोसेसिंग शिकताना एक गोष्ट डोक्यात बसली होती. नॉइज हा आवाजाचा गुण नसतो. आपल्याला हवा तो सिग्नल सोडून जे काही रिसीव्हरला येऊन मिळतं, त्याला आपण नॉइज म्हणतो. एकाचा नॉइज दुसऱ्याचा सिग्नल असू शकतो. त्या तरुणाला पाखरं हवी होती, म्हणून बायका नॉइज. त्या बायकांना वर्षातून एकदा मोकळं बोलायचं होतं, म्हणून तोच काठ त्यांचा एकांत. एकीला गप्प बसून जे मिळतं, ते दुसरीला बोलून मिळतं. दोघी एकाच गोष्टीला आलेल्या असतात, ओझं उतरवायला.

इथं कुणी म्हणेल, मग काय, स्पीकर लावून नाचणाऱ्यांनाही एकांतसाधक म्हणायचं? नाही. लोणारचं हे विवर अभयारण्य आहे, आणि २०२० मध्ये रामसरच्या यादीतही गेलं आहे. तिथं पाखरं घरटी करतात. म्हातारीच्या बोलण्यानं मोर ओरडायचा थांबला नव्हता. ब्लूटूथ स्पीकरनं थांबतो. रिकाम्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटं टाकून जाणारा माणूस तर आवाज न करताही ती जागा बिघडवतो. फरक कशानं करायचा, हे पुढं ३२ व्या श्लोकात येणारच आहे.

दुसरी गोष्ट: ही शांतता कुणीतरी घडवलेली असते

याच डोंगररांगेनं वायव्येकडे गेलं की अजिंठा लागतो. वाघूर नदीनं कापलेली, घोड्याच्या नालेसारखी वळलेली ती दरी. कड्याच्या पोटात तीसच्या आसपास लेणी. पहिली इसवी सनापूर्वीची, नंतरची पाचव्या शतकातली. एरवी फिरत राहणारे भिक्षू पावसाळ्यात एका जागी थांबत, त्या वर्षावासासाठी अशा जागा झाल्या. समोरच्या डोंगरावरून ती दरी पाहिली की वाटतं, काय निवांत जागा निवडली होती!

पण जरा विचार करा. अखंड कातळातून एकेक विहार मोकळा करायला किती दिवस छिन्नी-हातोडा चालला असेल? ती दरी तेव्हा निवांत नव्हतीच. धुरळा, ठोके, दगड वाहणारी माणसं, त्यांच्या चुली, त्यांची लेकरं. सोळाव्या लेण्यातल्या लेखातून कळतं की ते वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव यानं दान केलं. देणाऱ्यांची नावं अशी लेखांतून कळतात, खोदणारे बहुतेक अनामिकच राहिले. भिक्षूला ध्यानाला जी शांत खोली मिळाली, ती कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या गोंगाटातून तयार झालेली होती.

माझ्या लोणारच्या पहाटेचंही तसंच आहे. मी पाण्याकाठी डोळे मिटून बसलेला असतो तेव्हा परभणीत माझी आई आजीजवळ बसलेली असते. आजी नव्वदीकडे झुकली आहे. तिला आता दिवस-रात्र कळत नाही. पहाटे चारला उठते आणि हाका मारते, कधी माझ्या आजोबांना, कधी लहानपणीच्या मैत्रिणीला. कुणीतरी हात हातात घेऊन बसावं लागतं, तेवढंच. त्या हाकेला ओ देणारं कुणीतरी घरी आहे म्हणून मला मोराची हाक ऐकायला सवड आहे. प्रत्येक एकांताच्या मागे असा कुणाचा तरी जागर असतो. वनखात्याचा पहारेकरी असतो, रात्रपाळीचा ड्रायव्हर असतो, चारला भाकरी थापणारी बाई असते.

हे कळल्यावर आनंद कमी व्हावा असं मला वाटत नाही. त्याला कृतज्ञतेची जोड मिळावी, एवढंच. जे आपल्याला दिलं गेलं आहे ते "मी कमावलं" असं मानलं, की दुसऱ्याचा आवाज खुपायला लागतो. ते उसनं आहे हे ध्यानात राहिलं, की परत करायची आठवण राहते.

तिसरी गोष्ट: जनाबाईंकडे देव आला आणि त्यानं काय केलं

परभणीकर माणूस एकांताबद्दल बोलतो आणि जनाबाईंपर्यंत येत नाही, असं होऊच शकत नाही. गंगाखेड आमचंच. गोदाकाठच्या त्या गावची मुलगी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली, आणि जन्मभर स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. तिला कुठला एकांत? भरलेलं घर, माणसांचा राबता, झाडलोट, पाणी, धुणं, शेण्या. पहाट तिला मिळत होती खरी, पण दळणासाठी. सगळं घर झोपलेलं, आणि ही जात्यावर.

हा एकटीचा अनुभव नव्हता. आपल्या पणज्या-आज्या सगळ्या त्या वेळेला जात्यावर होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून, बायकांकडून ऐकून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. लाखाच्या वर! ज्या वेळेला पोथ्यांनी ब्राह्ममुहूर्त म्हटलं, त्याच वेळेला या बायकांनी दळता दळता एवढं काव्य केलं. जात्याची घरघर त्यांना आड आली नाही, उलट तिनंच त्यांना आडोसा दिला. त्या आवाजात आपलं दुःख बोललं तर सासूला ऐकू जात नव्हतं.

आता सर्वांना माहीत असलेली कथा. जनीच्या हाकेला विठ्ठल आला. आपण ही कथा सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तात्पर्य असं काढतो की बघा, काम करता करताही देव भेटतो, तेव्हा तक्रार न करता काम करावं. आमच्या मंडळातलं "तुमची सेवा हीच साधना" हे वाक्य याच तात्पर्यातून आलेलं.

पण कथा नीट ऐका. विठ्ठल आला आणि त्यानं काय केलं? त्यानं जनीला उपदेश केला नाही. "दळण हीच तुझी पूजा, चालू दे" असं म्हणून तो कौतुकानं बघत उभा राहिला नाही. तो खाली बसला. त्यानं जात्याच्या खुंट्याला हात घातला आणि दळू लागला.

मला वाटतं, वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर या एका कृतीत आहे. ज्याच्या वाट्याला एकांत आलेला नाही, त्याला एकांताची गरज नाही असं पटवून देणं हे देवाचं काम नाही. देवाचं काम म्हणजे खुंट्याला दुसरा हात लावणं. जात्याचा खुंटा दोघांनी धरला की दळण हलकं होतं, हे आपल्या घरच्या कुणाही म्हातारीला विचारा.

आता ३२ वा श्लोक. गंमत बघा, हाच अध्याय दहाव्या श्लोकात "एकटा बस" म्हणून सुरुवात करतो. मग आसन, दृष्टी, आहार, झोप, मनाची चंचलता, वारा नसलेल्या जागेतला दिवा. आणि बावीस श्लोकांचं अंतर चालून आल्यावर ३२ व्या श्लोकात भगवंत सांगतात की सर्वांत श्रेष्ठ योगी कोण, तर जो दुसऱ्याचं सुख आणि दुसऱ्याचं दुःख आपल्यासारखंच मानतो तो. म्हणजे एकटं बसायला सांगितलं ते कशासाठी, तर शेवटी एकटं न राहण्यासाठी. तो एकांत ही निघायची जागा आहे. पोचायचं ठिकाण हे आहे.

मघाशी स्पीकरचा प्रश्न शिल्लक ठेवला होता, त्याचा निकालही इथंच लागतो. म्हातारीच्या बोलण्यात कुणाचं तरी ओझं उतरत होतं आणि कुणाचं फारसं काही बिघडत नव्हतं. स्पीकरनं पाखराचं घरटं मोडतं आणि लावणाऱ्याला ते कळतही नाही. तिथं सुखदुःख "आपल्यासारखं" मानायचं आहे ते पाखराचंही. म्हणून स्पीकरवाल्याला नम्रपणे बंद करायला सांगणं, आणि म्हातारीला बसायला सपाट दगड दाखवणं, ही दोन्ही एकाच श्लोकाची उपासना आहे.

मी नॉइज कॅन्सलेशनचे हेडफोन वापरतो, कामाला लागतातच. बाहेरचा आवाज माइकनं पकडायचा, त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करायची, आणि दोन्ही मिळून कानापाशी आवाज पुसायचा, अशी ती युक्ती. पंख्याची, एसीची, इंजिनाची एकसुरी घरघर त्यात छान जाते. पण कुणी अचानक हाक मारली तर ती बऱ्यापैकी आत येतेच. मला ही त्या यंत्राची उणीव वाटत नाही. आपल्या एकांताचंही असंच असावं. रोजच्या चिंतांची घरघर पुसली जावी, आणि हाक मात्र आत यावी.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं होतं, आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तर त्यात खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव सापडले. वरून निपचित दिसणारं पाणी, आत केवढी वस्ती! निःशब्द म्हणजे निर्जन नव्हे, हे ते सरोवर न बोलता सांगतं.

मग करायचं काय? आमच्या घरी एक साधी रचना आहे. ज्या रविवारी मी लोणारला जातो, त्याच्या पुढचा रविवार आईचा. त्या दिवशी पहाटे चारला आजीच्या हाकेला मी ओ देतो. तिच्या मैत्रिणीचं नाव घेऊन तिनं मला हाक मारली, तरी ओ देतो. दूध, गॅस, औषधं, सगळं माझ्याकडे. आई कधी गंगाखेडला घाटावर जाते. कधी कुठंच जात नाही, गच्चीवर चहाचा कप घेऊन नुसती बसते. त्या वेळात तिनं जप करावा, झोपावं की फोनवर मावशीशी बोलावं, हा प्रश्न आपला नाही. दुसऱ्याला एकांत द्यायचा तर हिशेब न मागता द्यायचा.

आणि आमच्या मंडळातल्या चार घरांनी मिळून वहिनींच्या सासूबाईंजवळ आळीपाळीनं सकाळचे दोन तास बसायचं ठरवलं आहे, आठवड्यातून एकदा. फार मोठं काही नाही. दोन तासच. पण परवा त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी काय करावं ते सुचेचना. देवळात गेले, आणि पायरीवर नुसती बसून राहिले." सहावा अध्याय त्यांच्यासाठी होताच. आपण जागा अडवून बसलो होतो की काय, एवढंच तपासायला हवं होतं.

तेव्हा लोणारला जरूर जा. अजिंठ्याच्या कड्यावर जा, जिंतूरजवळ नेमगिरीला जा, आणि काही नाही तर आपल्या गावच्या नदीकाठी जा. पहाटेचा उजेड खाली उतरताना पोटभर बघा. माउलींनी ती जागा इतक्या प्रेमानं रंगवली आहे ती आपल्याला तिथं बसावंसं वाटावं म्हणूनच. फक्त उठताना एक विचार करून उठा: माझ्या घरात, माझ्या गल्लीत, कोण अजून जात्यावर एकटं आहे?

आजचा संकल्प: आपल्या घरात पहाटे सर्वांत आधी कोण उठतं आणि सर्वांत शेवटी कोण टेकतं, ते आज बघायचं. या आठवड्यात त्या व्यक्तीला एक पूर्ण सकाळ मोकळी करून द्यायची. कारण विचारायचं नाही, आणि उपकारही सांगायचे नाहीत.

प्रार्थना: विठुराया, तुझ्या शांततेत बसायची गोडी दे. बसलो की उठायची बुद्धीही दे. कुणाची हाक मला गोंगाट वाटू नये, आणि माझ्या आवाजानं कुणाचं घरटं मोडू नये. जनीच्या जात्याला तुझा हात लागला, तसा कुणाच्या तरी खुंट्याला माझाही लागू दे.

उद्या श्लोक १२: आसनावर बसल्यावर मनाचं काय करायचं.

राम कृष्ण हरी.